कवळीवाल्यांची दोन सीटची गाडी

साडू हे नातं मोठं सोयीचं असतं. मी त्यांचा साडू आणि तेही माझे साडू, त्यामुळे मानपानाचा प्रश्न येत नाही. सासुरवाडीबद्दल जे बोलायचं ते दोघांत बोललं की तिथंच जिरतं. माझे साडू मात्र बोलणाऱ्यांतले नव्हते, म्हणून दोघांच्या वाटचं मलाच बोलावं लागे.

अख्खी गल्ली त्यांना कवळीवाले म्हणे. धंदाच तो होता. घराच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल, गॅसचा बर्नर, मेणाच्या वड्या, घासायचं छोटं यंत्र आणि भिंतीच्या फळ्यांवर ओळीनं प्लॅस्टरचे जबडे. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा ठसा पाठवत, हे त्यावरून कवळी करून परत पाठवत. पहिल्यांदा आलेला माणूस दारातच थबकायचा, कारण इतके जण एकदम दात विचकताना बघायची सवय कुणाला नसते. त्यांची कवळी ज्या तोंडात जायची त्यातलं एकही तोंड साडूंनी पाहिलेलं नव्हतं, आणि पाहायची हौसही नव्हती. एकदा एक आजोबा पत्ता शोधत आले आणि माझी कवळी कुठवर आली ते बघू का, म्हणाले. साडूंनी दार लोटून घेतलं आणि दाराआडूनच सांगितलं, "झाली की डॉक्टरांकडे येईल."

"अहो, बघू द्यायचं होतंत म्हाताऱ्याला," मी म्हटलं.

"अर्धवट कवळी माणसाला दाखवू नये," ते म्हणाले. "ती डोक्यात तशीच बसते. मग पुरी करून दिली तरी बोचत राहते."

त्यांचं आयुष्यातलं तत्त्व म्हणाल तर एवढंच होतं, आणि कवळीपुरतं ते बरोबर होतं. त्यांची कवळी कुणाला बोचत नसे. कड घासून झाली की डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवत. डोळ्याला फसवता येतं, जिभेला नाही, म्हणत. मी विमा कंपनीत होतो. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, नुकसानीचा अंदाज लिहायचा आणि घरी यायचं. एखादी गोष्ट पुरी झाल्यावरही तिची कड घासत बसणारा माणूस मला तिथं भेटण्यासारखा नव्हता.

पुढच्या खोलीत त्यांचे थोरले भाऊ राहत. दादा. लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यात तारा तपासण्यात जन्म गेला. कानाला यंत्र लावायचे आणि तार कुठं तुटलीय ते बसल्या जागी सांगायचे. तरुणपणी त्यांना एकच नाद होता, तो म्हणजे दोन सीटची गाडी. बुटकी, लांब नाकाची, वर छप्पर नाही, रंग मोरपंखी. घेतली तेव्हाच जुनी होती, त्यामुळे जेवढी रस्त्यावर असे तेवढीच अंगणात उघडून ठेवलेली असे. दादा बॉनेटमध्ये अर्धे शिरलेले आणि धाकटा शेजारी टॉर्च धरून उभा. त्याला पाना कधी हातात मिळत नसे. टॉर्च धरायची, बस्स. तीही नीट धरली जात नसे, कारण त्याचं लक्ष इंजिनाकडे नसून भावाच्या चेहऱ्याकडे असे आणि हात लक्षाच्या मागोमाग जाई. "माझ्या तोंडावर नको रे बारक्या, इंजिनावर!" हे दादांचं ओरडणं शेजारपाजारच्यांना पाठ झालेलं होतं. माझे सासरे थोरलीसाठी, म्हणजे माझ्या बायकोच्या बहिणीसाठी, स्थळ बघायला त्या घरी गेले, तेव्हा दारातच त्यांना हे ऐकू आलं म्हणे. मुलाचं नाव बारक्या आहे अशी त्यांची बरेच दिवस समजूत होती.

मग एक दिवस गिअरचा दात मोडला. दुसरा मिळेना. दादांनी गाडी तात्पुरती गॅरेजात लावली आणि वर ताडपत्री टाकली. वडील आजारी पडले, मग आई. मध्ये दादांच्या बदल्या झाल्या. तात्पुरती म्हणजे कुठवर हे कुणी ठरवलेलं नव्हतं. ताडपत्रीवर जुन्या गाद्या आल्या, गाद्यांवर एक मोडका पंखा आला, आणि गॅरेजला घरात अडगळ असं नाव पडलं. दात बनवणाऱ्याच्या घरात एका दातापायी गाडी बसून आहे, असं मी एकदा जेवताना म्हणालो होतो. थोरलीनं माझ्या बायकोकडे बघितलं आणि बायकोनं माझ्याकडे.

साडूंनी काम बंद केलं त्याच सुमाराला दादांच्या डोळ्यांचं निघालं. पडद्याचा आजार होता. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की उपाय नाही, हळूहळू सगळं जाईल आणि शेवटी उजेड आणि अंधार एवढंच कळेल. केव्हा, हे त्यांना सांगता येईना. परत येताना रिक्षात दादा अगदी गप्पा मारत होते. साडू शेजारी बसून रस्ता बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मला फोन आला, "साडूभाऊ, गाडी बघायला येता का?"

मी गेलो. आम्ही गाद्या काढल्या, पंखा काढला, ताडपत्री ओढली. टायर जमिनीला चिकटून बसले होते. सीटमध्ये उंदरांच्या पिढ्या नांदून गेल्या होत्या. तळाचा पत्रा इतका खाल्ला गेला होता की आत वाकलं की खालची फरशी दिसायची. पेट्रोलच्या टाकीत राळ झाली होती. मी खाली बसून सगळीकडून बघितलं आणि कचेरीतल्या सवयीनं निकाल दिला. "ही गेली. संपूर्ण नुकसान."

"दादाचे डोळे जायच्या आत त्याला ही होती तशी दाखवायचीय," साडू म्हणाले. इतकं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी फारसं ऐकलेलं नव्हतं.

दादांना अर्थात खुळखुळा मिळाल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ते जुन्या पान्यांची पेटी, बसायचं लाकडी स्टूल आणि एक रबरी नळी घेऊन गॅरेजच्या दारात हजर. ती नळी त्यांची खास होती. त्या इंजिनाला दोन कार्बुरेटर. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाही तर इंजिन अडखळतं. दादा नळीचं एक टोक कानाला लावत, दुसरं आधी एकाच्या आणि मग दुसऱ्याच्या तोंडाशी धरत, आणि दोन्हींचा फुसकारा एक होईपर्यंत स्क्रू फिरवत.

साडू दारात आडवे झाले. "दादा, तू आत यायचं नाही."

"म्हणजे?"

"झाली की दाखवीन. अर्धवट नाही दाखवणार."

"अरे, मी काय तुझा पेशंट आहे का?"

साडू हलले नाहीत. दादा थोडा वेळ स्टूल काखेत धरून उभे राहिले, मग "बरं" म्हणाले. पेटी दाराच्या आत ठेवली, नळी पेटीवर ठेवली. स्टूल मात्र सोडलं नाही. गॅरेजबाहेर ओट्यावर मांडलं आणि त्यावर बसले.

त्या दिवसापासून दादांची जागा तीच. शटर खाली असायचं, आत साडू, बाहेर दादा. दर रविवारी मी आत जायचो. वास्तविक मला गाडीतलं मोडलेलं तेवढं कळतं, जोडलेलं कळत नाही. पण धरा म्हटलं की धरायचो. जाताना दादा विचारत, "काय साडू, आज काय काढलं?" माझं आणि त्यांचं नातं ते नव्हे, पण तेही मला साडूच म्हणत. मी म्हणायचो, "चाललंय." साडूंनी मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. मग दादाच सांगत, "मागचा ड्रम निघाला ना? ऐकला मी. तो असाच किंचाळायचा."

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. साडूंनी काम देखणं केलं. तळाला नवा पत्रा जोडून घेतला. मोडका गिअर प्लॅस्टरमध्ये दाबून त्याचा ठसा काढला, तुटलेला दात मेणानं भरून कोरला आणि तो नमुना लेथवाल्याच्या हातावर ठेवला. लेथवाला म्हणाला, असं गिऱ्हाईक मला जन्मात भेटलं नाही. दारांच्या आतल्या छोट्या मुठी गायब होत्या, त्या साडूंनी मागच्या खोलीत ओतल्या. डॅशबोर्डवरची बटणं दातांच्या प्लॅस्टिकची केली, थेट समोरच्या दातांच्या छटेतली. फक्त वायपरचं बटण पांढरं प्लॅस्टिक संपल्यामुळे हिरडीच्या गुलाबी प्लॅस्टिकचं झालं. "वायपर लावताना गुदगुल्या नाही ना व्हायच्या?" मी विचारलं. पुढच्या रविवारी ते बटणही पांढरं झालेलं होतं. माझ्या थट्टेचा उपयोग होतो तो असा.

गाडी उभी राहिली. चाकं फिरली. इंजिन एका दुपारी खोकलं आणि चाललंसुद्धा. साडूंनी हवा मोजायचं उपकरण कुणाकडून तरी मागून आणलं आणि दोन्ही कार्बुरेटर काटा काट्यावर आणून लावले. इंजिन शिवणयंत्रासारखं सरळ चालायला लागलं. रबरी नळी पेटीवरच राहिली.

मला वाटलं, झालं. पण साडूंचा रंग राहिला होता.

रंगाचं मी काय सांगू! डॅशबोर्डच्या मागं ऊन न लागलेला हाताएवढा पत्रा सापडला, त्यावर खरा मोरपंखी होता. त्याच्याशी जुळेपर्यंत साडूंनी इतक्या पट्ट्या रंगवल्या की गॅरेजच्या दोरीवर त्या वाळत टाकलेल्या असत. दातांच्या छटा जुळवण्यात आयुष्य गेलेला माणूस. मला सगळ्या पट्ट्या एक दिसायच्या. रंग मारला, तर त्यात धूळ बसली. घासून काढला. पुन्हा मारला, एका दारावर ओघळ आला. तो घासला. पुन्हा खाचांत लांबी भरली, पुन्हा घासलं. शटरच्या आतून पाणी लावून घासायच्या पेपरचा खसखस आवाज दिवसभर यायचा आणि दादा बाहेर तो ऐकत बसायचे.

आणि इकडे दादा चहाच्या कपात बोट घालायला लागले होते. ओतताना कप भरला की नाही ते बोटाला चटका बसला की कळायचं. थोरलीनं ते पाहिलं. तशी ती आवाज चढवणारी बाई नाही. पण त्या रविवारी ती शटर खडखडावून वर करून थेट आत आली.

"अहो, दाखवा की आता! चाकं लागली, इंजिन चालतंय. रंगाचं काय घेऊन बसलात? त्यांना दिसेनासं व्हायला लागलंय."

"म्हणूनच," साडू म्हणाले. "एकदाच दिसणार आहे. तर नीट दिसू दे."

"साडू, ताईंचं ऐका," मी म्हटलं. "उद्या नको, आत्ता बोलवा त्यांना. बाहेरच बसलेत."

साडूंनी दारावरून अंगठा फिरवला. डोळे मिटून. "इथं लागतंय अजून," ते म्हणाले.

मला संताप आला. हयातभर मोडलेल्या वस्तू पाहिल्या, त्यात घाईनं मोडलेल्या पुष्कळ होत्या. सावकाशीनं मोडणारी ही पहिलीच बघत होतो. मी त्या दिवशी चहा न घेता निघालो. ओट्यावर दादांनी विचारलं, "काय साडू, आज काय?" मी म्हटलं, "घासताहेत." "घासू दे," दादा म्हणाले. "त्याला घासल्याशिवाय चैन पडत नाही."

अखेर दाखवायचा दिवस उजाडला. आदल्या आठवड्यात दादा गल्लीतल्या न्हाव्याकडे गेलेले असताना आम्ही गाडी ढकलून बाहेर काढली आणि उलटी फिरवून आत घातली होती. मागच्या बाजूला रंग जास्त चांगला जमलाय आणि दारातला उजेड तिच्यावर पडावा, असं साडूंचं म्हणणं. सकाळी आम्ही चौघं दादांभोवती ओट्यावर जमलो. साडूंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शटर वर गेलं.

गाडी सुरेख दिसत होती. मी निकाल दिला होता तीच ही, असं सांगितलं असतं तर मीच मानलं नसतं. माझ्या बायकोच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं.

दादा स्टुलावरून उठले, दोन पावलं पुढं आले. चेहरा उजळलेला. "वा," ते म्हणाले. "छान केलीस रे बारक्या."

"रंग? तोच आहे ना?"

"अगदी तोच."

साडूंनी शर्टाची बाही ओढून सारखी केली. "दिव्यांच्या कडा बघ दादा. पुढच्या. तुला आवडायच्या ना त्या."

दादा खाली वाकले. दोन्ही हात पुढं करून, जिथं पूर्वी पुढचे मोठे गोल दिवे असायचे नेमके तिथं नेले. समोर गाडीची पाठ होती. त्यांचे हात हवेत फिरले, मग डिकीच्या कडेला टेकले. तिच्यावरून ते सावकाश फिरवत राहिले, इकडून तिकडे, तिकडून इकडे. तोंडानं म्हणाले, "वा, कडा झकास झाल्यात."

थोरलीनं पदर तोंडाशी नेला. दादांना आमची शांतता कळली. त्यांचे हात थांबले.

"कधीपासून?" साडूंनी विचारलं.

"झाले बरेच दिवस. तुझं दार घासणं चाललं होतं ना, तेव्हाच."

"मला सांगितलं का नाहीस? मी तेव्हाच दाखवली असती."

"नसतीस दाखवली," दादा म्हणाले. रागानं नाही. "आणि मला बघायची कुठं होती रे? पाहिलेलीच आहे मी ती, तुझ्यापेक्षा जास्त. मला तुझ्याबरोबर उघडायची होती. म्हणून तर पेटी घेऊन आलो होतो."

साडू गॅरेजच्या फरशीवर बसले. इस्त्रीच्या शर्टासकट. मला त्या रविवारपासून त्यांचा राग होता, तो तिथंच संपला. त्यांच्याकडे बघवेना. दादांनी चाचपडत त्यांचं डोकं शोधलं, त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, चहा घेऊ."

नंतरचे काही दिवस शटर वर गेलं नाही, असं थोरली बायकोला फोनवर सांगायची. साडू मागच्या खोलीत रिकाम्या टेबलाशी बसतात आणि दादा सवयीनं ओट्यावर. दोघं एकमेकांशी नीट बोलतात, जेवतात. पण घरात कुणी गेल्यासारखं वाटतं, असं ती म्हणाली.

मी रविवारी गेलो तेव्हा शटर अर्धं वर होतं. आत इंजिन चालू होतं, सरळ, शिवणयंत्रासारखं. साडू बॉनेट उघडून उभे होते. माझ्याकडे एकदा बघितलं. स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि एका कार्बुरेटरचा स्क्रू फिरवला. इंजिन दचकलं. दुसऱ्याचा उलटीकडे फिरवला. ते अडखळायला लागलं, धुरकटलं, थरथरायला लागलं. ज्या माणसाला दारावरचा केसाएवढा ओघळ खपला नव्हता, तो आपल्याच हातानं आपलं काम बिघडवत होता. हात अगदी स्थिर होता. इंजिन बंद पडता पडता राहिलं, तेव्हा त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि बाहेर ओट्यावर गेले.

"दादा, इंजिन नीट चालत नाहीये. जरा बघतोस?"

दादांनी मान वळवली. "आत्ता चालू केलंस तेव्हा तर सुरेख होतं. इथं बसून ऐकलं मी."

"मग बिघडलंय."

"आपोआप?"

साडूंनी बोटांचं तेल पँटला पुसलं. मग म्हणाले, "नाही."

दादा उठले. स्टूल उचललं आणि शटरखालून वाकून आत आले. बॉनेटपाशी स्टूल मांडून त्यावर बसले. साडूंनी पेटीवरची रबरी नळी झटकून त्यांच्या हातात दिली. दादांनी तिचं टोक कानाला लावलं, दुसरं चाचपत पहिल्या कार्बुरेटरच्या तोंडाशी नेलं, मग दुसऱ्याच्या. बराच वेळ ऐकलं. "काय करून ठेवलंयस हे," ते पुटपुटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. तरुणपणीचे दादा मी पाहिलेले नव्हते, ते बहुधा असेच दिसत असतील.

"स्क्रू ड्रायव्हर."

साडूंनी दिला. दादांनी बोटानं स्क्रूची खाच शोधली, टोक तिच्यात बसवलं. मग थांबले.

"टॉर्च धर," ते म्हणाले.

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर लख्ख दिवस होता. दादांना इंजिनच काय, स्वतःचा हातही दिसत नव्हता. तरी साडू वळले. घरात गेले, टॉर्च घेऊन आले, पेटवली आणि जाऊन भावाच्या शेजारी उभे राहिले, पूर्वी राहत तसे.

दादांनी डोळे मिचकावले. तेवढा उजेड त्यांना अजून कळत होता.

"माझ्या तोंडावर नको रे बारक्या," ते म्हणाले. "इंजिनावर."

साडूंनी टॉर्च खाली केली. मग ती दोन्ही हातांनी धरली.